मूठ हलली, आकडा ढिम्म

टिंग.

स्वयंपाकघरात स्टीलचा चमचा स्टीलच्या वाटीवर आपटला आणि निदान अजून अर्धा तास तरी टिकेल असं वाटलेली दुपारची शांतता तिथल्या तिथे संपली. तिने डोळे मिटून घेतले. पान एकशे अठरावरचं बोट मात्र तसंच ठेवलं. बोट हललं नाही तर कदाचित दुपारही हलणार नाही.

टिंग, टिंग.

म्हणजे तीनदा. एकदा वाजलं तर ‘मी उठले’, दोनदा वाजलं तर ‘आजोबा, या’, आणि तीनदा म्हणजे ‘आई, ये आणि आत्ताच्या आत्ता ये’. एकदाच वाजून थांबलंय, असं या घरात अजून एकदाही घडलं नव्हतं.

ही सगळी करामत तिच्या सासऱ्यांची. पोरीच्या पलंगाच्या कडेला एक लाकडी मूठ. मुठीला बांधलेली सुतळी दाराच्या चौकटीवरून, बोळातून, दोऱ्याच्या चार रिकाम्या रिळांवरून वळणं घेत स्वयंपाकघरात यायची आणि तिथे टांगलेल्या चमच्याला मिळायची. मूठ पुढे ढकलली की चमचा वाटीवर. सासरे एकतीस वर्षं विमानांच्या हँगरमध्ये होते. वैमानिकाच्या हातातल्या मुठीपासून पंखाखालच्या इंजिनापर्यंत ज्या पोलादी तारा जायच्या, त्या ओढायच्या, ताणायच्या, जुळवायच्या, हे त्यांचं काम. तिथे सगळे त्यांना तारमास्तर म्हणत. ते निवृत्त झाले, हात मात्र व्हायला तयार नव्हते.

त्याआधी नवऱ्याने हौसेने बिनतारी घंटी आणली होती. बटण दाबलं की गाणं वाजायचं. अडचण एवढीच, की खालच्या मजल्यावरच्यांनीही तस्सीच आणली होती. त्यांच्याकडे दूधवाला आला की हिच्या स्वयंपाकघरात गाणं. ही हातातलं टाकून पळत पोरीपाशी. आणि गाढ झोपलेली पोर हिच्या पळण्यानेच दचकून जागी. पंधरा दिवसांत घंटी खणात गेली. तेव्हापासून तारमास्तरांची मान जी ताठ झाली ती झालीच.

ती आत गेली. पोर पलंगावर बसली होती, गालावर उशीची नक्षी, मानेवरचे केस घामाने चिकटलेले. सहा वर्षांची होती आणि दिवसभर इतकी गरगर फिरायची की सगळे तिला भिंगरीच म्हणायचे.

“आई, तू अभ्यास करत होतीस?”

“हो गं.”

“पाठ झाला?”

“नाही.”

“मग बाई रागावतील.”

“रागावतील.”

“मग तू रडशील?”

“ते उद्याच कळेल,” ती म्हणाली आणि पोरीच्या घामट मानेत नाक खुपसलं. तिथे झोपेचा वास होता. उद्याची धास्ती असतानाही तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

उद्या दहा वाजता तिची परीक्षा होती. तीही त्याच हँगरमध्ये, इंजिन दुरुस्तीवर. भिंगरी झाली त्याआधी चार वर्षं तारांच्या विमानांवर काम केलेलं. परत कामावर गेली तर तिथे नवं विमान येऊन उभं. या विमानात तार नव्हतीच. मूठ पुढे केली की खाली एक सेन्सर फिरायचा, तो फक्त सांगायचा: साहेबांनी मूठ इतकी पुढे केली. निरोप जायचा इंजिनावर बसवलेल्या एका कॉम्प्युटरच्या पेटीला, आणि मग किती इंधन सोडायचं ते पेटी ठरवायची. जुनी तारांची दोन विमानं उरली होती, तीही पुढच्या महिन्यात जायची होती. नव्या विमानावर सही करायचा अधिकार मिळाला तर ती इंजिनांवर राहणार. नाही मिळाला तर तिची रवानगी खुर्च्या विभागात. प्रवाशांच्या खुर्च्यांची कव्हरं, अडकलेले पट्टे आणि फटीतून निघणारे खाऊचे कागद. वाईट काम नव्हतं ते. पण इंजिनाच्या तोंडात वाकून पाहिलेल्या बाईला खुर्चीच्या फटीत पाहायला लावायचं म्हणजे...

“पेटीचं नीट डोक्यात शिरलं का?” दारात तारमास्तर उभे होते. पेटी हा शब्द ते असा उच्चारायचे, जणू उंदीर शेपटीला धरून बाहेर नेतायत.

“शिरतंय, बाबा. दोन मेंदू असतात तिच्यात. एक बंद पडला तर दुसरा काम करतो.”

“आणि दोघांत भांडण लागलं तर?”

“तर पेटी ठरवते कुणाचं खरं.”

“म्हणजे तीच भांडणारी आणि तीच निवाडा करणारी. आपल्या घरातल्यासारखंच की.” त्यांनी भिंगरीकडे पाहून डोळे मिचकावले. “तार कशी, मूठ ओढली की इंजिन हलणार. मध्ये कुणी वकील नाही.”

“आणि थंडी पडली की तार आखडायची, आणि मग तुम्ही थर्मामीटर घेऊन पहाटे तिच्यामागे फिरायचात.”

“फिरायचो! आवडीने फिरायचो!”

“आजोबा, मी पेटी होऊ?” भिंगरी पलंगावरून उडी मारून म्हणाली.

मग काय, अभ्यास गेला सिंकपाशी. भिंगरी स्टुलावर उभी राहिली, एक हात नळावर. ती झाली पेटीतला पहिला मेंदू. आजोबांना दुसरा मेंदू व्हायला सांगितलं, तर त्यांनी तत्त्वाचा प्रश्न म्हणून नकार दिला. मग भिंगरीने खालचा ओठ बाहेर काढला, आणि तत्त्व तिथेच संपलं.

“मूठ अर्धी पुढे,” आई म्हणाली.

“किती सोडू, आजोबा?”

“सोड भळाभळा.”

“नको!” भिंगरी कडक आवाजात म्हणाली. “इंजिनाला ठसका लागेल. मी हळूहळू सोडणार.” आणि तिने नळ सुतासारखा चालू केला.

आई बघतच राहिली. पान एकशे अठरावर नेमकं हेच, अडीच परिच्छेदांत आणि एका आकृतीत, लिहिलं होतं. वैमानिकाने मूठ कितीही झटक्यात पुढे केली तरी पेटी इंधन बेताबेताने वाढवते. हिने ते तीन दिवस घोकलं होतं आणि पोरीने ते एका ठसक्यात सांगून टाकलं होतं.

“मूठ पूर्ण पुढे!” आता तिलाच चेव आला.

“नाही सोडणार!”

“अगं, विमान उडायचंय!”

“मग नीट विचारा!”

आजोबा हसता हसता सिंकवर रेलले, त्यांचा कोपर नळाला लागला, आणि दोन्ही मेंदू, स्टूल, मूठवाली, पान एकशे अठरा असं सगळं नखशिखांत भिजलं.

सकाळी ती निघाली तेव्हा पुस्तक वाळून फुगलं होतं, मिटतच नव्हतं.

परीक्षा घेणाऱ्या मुख्य तपासनीस बाईंना हँगरमध्ये शून्यबाई म्हणत, कारण त्यांना चुका किती चालतात असं कुणीतरी विचारलं होतं आणि त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं होतं. शून्यबाई उजव्या खुर्चीत बसल्या, हिला डाव्या खुर्चीत बसवलं. विमानाला बाहेरून वीज जोडलेली होती, इंजिनं गार होती. मधल्या खांबावर दोन मुठी शेजारी शेजारी, डाव्या इंजिनाची आणि उजव्या इंजिनाची.

“वैमानिकाची तक्रार वाचा,” शून्यबाई म्हणाल्या.

तिने नोंदवही उघडली. “दोन्ही इंजिनांची ताकद सारखी असताना डावी मूठ उजवीपेक्षा थोडी पुढे राहते.”

“त्याखाली?”

“कॉम्प्युटर तपासला, दोष आढळला नाही. सही. चार दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. पुन्हा तपासला, दोष आढळला नाही. सही.”

“आता तुमचं काय म्हणणं?”

इतकं सोपं असेल असं तिला वाटलंच नव्हतं. समोरच्या स्क्रीनवर दोन्ही मुठींचे कोन दिसत होते. डावी छत्तीस पूर्णांक शून्य. उजवी छत्तीस पूर्णांक शून्य. पेटीच्या दोन्ही मेंदूंना हेच दिसत होतं. मुठींमध्ये जेमतेम अर्ध्या बोटाचा फरक होता, तो पुस्तकात चालतो असं लिहिलं होतं, पान एकशे चाळीस. उत्तर तिच्या जिभेवर होतं: फरक मर्यादेत आहे, दोष नाही. एवढं म्हटलं की झालं.

पण एकदा मूठ पुढे मागे करून बघावी म्हणून तिने डाव्या मुठीवर हात ठेवला. आणि हाताला मूठ लागली मात्र, डोकं आपलं जागेवरच राहिलं आणि अंगाने सहा-सात वर्षं मागे उडी मारली. तारांच्या विमानात हे काम दोघांचं असायचं. एक कॉकपिटमध्ये मूठ ढकलणार, दुसरा खाली इंजिनापाशी तारेच्या टोकावर डोळा लावून उभा. वरचा ओरडणार ‘पुढे!’ आणि खालच्याला टोक हललेलं दिसलं की तो ओरडणार ‘आलं!’ शेकडो वेळा केलेलं. तिने डाव्या हाताने खिडकी सरकवली, मान बाहेर काढली, उजव्याने मूठ ढकलली आणि छातीतून खणखणीत आवाज दिला:

“पुढेSSS!”

इंजिनापाशी कुणीही नव्हतं. असतं तरी त्याला काही दिसलं नसतं. या इंजिनाला तारेचं टोकच नव्हतं. आणि मग पार पलीकडच्या टोकाला, जुन्या विमानाच्या पंखाखालून, सगळे ज्यांना मामा म्हणत त्या म्हाताऱ्या कारागिराचा तितकाच खणखणीत आवाज आला:

“आलंSSS!”

“काय आलं, मामा?” कुणीतरी विचारलं.

“मला काय ठाऊक! पोरगी ‘पुढे’ म्हणाली, तोंडातून निघून गेलं!”

अख्खा हँगर फुटला. शिडीवरचे शिडीला धरून, चाकापाशी बसलेले चाकाला टेकून हसायला लागले. तिने घाईघाईने मान आत घेतली, मूठ मागे जागेवर आणली. कानापर्यंत लाल झाली होती. संपलं, तिला वाटलं. खुर्च्या, पट्टे, खाऊचे कागद.

शून्यबाईंनी चष्मा वर सरकवला. चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती.

“काय आलं?” त्यांनी विचारलं. अगदी गंभीरपणे. नोंद करायची असल्यासारखं.

तिथे तिचा बांध फुटला. आधी नाकातून फुर्र झालं. तिने ओठ चावले, गालाला आतून चिमटा घेतला, खुर्च्या विभाग डोळ्यांसमोर आणला, तर त्या सगळ्या खुर्च्या एका सुरात ‘आलं!’ म्हणाल्या. मग ती हसली ती हसलीच. खांदे गदागदा हलत होते, डोळ्यांतून पाणी, पोटात कळ. मुठीवरचा हात काढायचंही भान नव्हतं.

“हसून झालं की सांगा,” शून्यबाई म्हणाल्या आणि घड्याळाकडे पाहिलं.

तिने मान हलवली, अश्रूंआडून समोर पाहत दम खायचा प्रयत्न केला. समोर स्क्रीन होती. छत्तीस पूर्णांक शून्य. ती अजून हुंदके दिल्यासारखी हसत होती, हात थरथरत होता, हाताबरोबर मूठही इवलीशी थरथरत होती. छत्तीस पूर्णांक शून्य.

हसू हळूहळू ओसरलं. हात थांबला. तिने आकड्याकडे पाहिलं, मुठीकडे पाहिलं, परत आकड्याकडे.

“बाई,” ती म्हणाली, “मी अजून एकदा हसू का?”

“काय?”

“म्हणजे, हात हलवते नुसता.” तिने डावी मूठ तांदळाच्या दाण्याएवढी पुढे मागे केली. आकडा ढिम्म. मग उजवी मूठ तेवढीच हलवली. छत्तीस पूर्णांक एक, पस्तीस पूर्णांक नऊ, छत्तीस. उजवीचा आकडा मुठीबरोबर नाचत होता. पुन्हा डावी. ढिम्म.

शून्यबाई पुढे वाकल्या. त्यांनी स्वतः डावी मूठ दोन बोटांनी हलवून पाहिली. मग उठल्या, खालच्या कप्प्यात उतरल्या आणि मुठींच्या बरोबर खाली असलेलं झाकण हिला काढायला सांगितलं. विजेरी त्यांनी धरली.

तार गेली होती, पण मुठीपासून सेन्सरपर्यंत हातभर लोखंडी दांडा होता. त्या दांड्याची चौकशी करायला पेटीकडून कुणी जात नव्हतं, आणि तो खेळायला लागला तरी पेटीला कळायची सोय नव्हती. सेन्सर जे सांगेल ते पेटीला खरं. दांड्याच्या टोकाच्या बोल्टवरचा नट तिने बोटांच्या चिमटीत धरला. तो फिरला. पान्याशिवाय, बरणीच्या झाकणासारखा फिरला.

“किती दिवस टिकलं असतं?” तिने विचारलं. आता हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

शून्यबाई नोंदवहीत पाहत होत्या. दुसऱ्या नोंदीखालची, ‘दोष आढळला नाही’च्या खालची सही त्यांची होती. मघाशी हिने फक्त ‘सही’ एवढंच वाचलं होतं. कुणाची ते बघितलं नव्हतं.

“मी आकडे पाहिले,” त्या म्हणाल्या. “आकडे बरोबर होते.”

“मीही तेच सांगणार होते, बाई. जिभेवर होतं.”

“माहीत आहे. मीही त्याच उत्तराला पास करणार होते.” त्यांनी पेन पुढे केलं. “लिहा. कसा सापडला तेही लिहा.”

“काय लिहू? परीक्षार्थी हसत असताना?”

शून्यबाईंनी विचार केला. “हाताच्या कंपनामुळे, असं लिहा.” आणि मग, ती लिहीत असताना, त्या कप्प्यात वाकून उभ्या असलेल्या शून्यबाईंच्या घशातून एक आवाज निघाला. तिने चमकून वर पाहिलं. बाई हसत होत्या. “आलं म्हणे,” त्या चष्मा पुसत म्हणाल्या. “काय आलं ते तरी आता लिहिता येईल.”

बोल्ट बदलला, दांडा जुळवला, मुठी एका रेषेत आल्या. दुपारी तीनला तिच्या तळहातावर सहीशेजारी मारायचा एक शिक्का ठेवला गेला, अंगठ्याएवढा, वर तिचा क्रमांक. तिने तो ओढणीच्या टोकात बांधला, मग सोडला, मग खिशात ठेवला, मग दर पाच मिनिटांनी खिसा चाचपला.

घरी तारमास्तर फाटकाशी कुंड्यांना पाणी घालत होते. कुंड्या काठोकाठ भरून वाहत होत्या.

“काय झालं?” त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

तिने शिक्का दाखवला. त्यांनी झारी खाली ठेवली, शिक्का हातात घेतला, डोळ्यांपाशी नेला, आणि त्यावरचा क्रमांक मोठ्याने वाचला. “बरं झालं. खुर्च्यांना तुझा काही उपयोग नव्हता.”

पण खरी गोष्ट तिने चहाच्या वेळी सांगितली, नवरा शाळेतून आल्यावर. तो गणित शिकवायचा, आणि घरात सासरा-सुनेचा वाद पेटला की गुण मोजत बसायचा.

“मामा ‘आलं’ म्हणाला?” तारमास्तरांचा चहा बशीत सांडला. “अरे माझ्या वाघा!”

“पुढे ऐका, बाबा. दांडा ढिला होता.”

“म्हणजे लोखंड! शेवटी लोखंडच! मी म्हणत नव्हतो?”

“अहो, लोखंडच बिघडलं होतं. पेटीची काही चूक नव्हती, तिला चुकीचं सांगितलं तरी ती बिचारी मुकाट्याने ऐकत होती.”

“हं,” तारमास्तर म्हणाले. मग बशी उचलून, “पण हाताला कळलं की नाही?”

“कळलं.”

“एक एक,” नवऱ्याने निकाल दिला. “बरोबरी.”

“आई, आपण करून बघू!” भिंगरी कधीच खुर्चीवर चढली होती. “मी आई. आजोबा ढिला बोल्ट. पप्पा आकडा.”

“मी का ढिला?” आजोबा कुरकुरले, पण गुडघे सैल सोडून डुलायलाही लागले. नवरा दोन्ही हात छातीवर बांधून छत्तीस पूर्णांक शून्य झाला. खऱ्या आईच्या वाट्याला शून्यबाई आल्या. तिने वाटीचा चष्मा केला. भिंगरीने खिडकीतून मान बाहेर काढून ‘पुढेSSS!’ अशी आरोळी ठोकली, खालच्या मजल्यावरून कुणीतरी “काय गं?” म्हणालं, आणि घरातले चौघेही कोसळले. बोल्ट जमिनीवर बसला. आकड्याला हलायची मनाई होती तरी आकडा पोट धरून हलत होता. “आकडा हलायचा नाही, पप्पा!” असं ओरडता ओरडता भिंगरीच इतकी हसली की तिला उचकी लागली.

आईने तिला मांडीवर घेतलं, पाठीवरून हात फिरवला. उचकी, मग खिदळणं, मग उचकी. गालाशी गाल लागला होता. हळूहळू ते छोटं अंग शांत झालं. आजोबा अजून जमिनीवरूनच “ढिला म्हणे!” करत होते, नवरा डोळे पुसत होता. भिंगरीने मान मागे करून आईकडे पाहिलं. कपाळावर एक बारीकशी आठी होती.

“आई,” ती म्हणाली, “तुला हसू आलंच नसतं तर?”